नॅसवरचा पिक्चर टीव्हीवर अडकत असेल तर आधी हे बघ

अरे नवीन नॅस (घरच्या नेटवर्कवर फाईली साठवायचा डबा) घ्यायच्या मागे लागू नकोस लगेच, आधी पिक्चर लावून जेलीफिनच्या (नॅसवरचे पिक्चर टीव्हीवर पोचवणारं सॉफ्टवेअर) डॅशबोर्डवर बघ की डायरेक्ट प्ले चाललंय की ट्रान्सकोडिंग. डायरेक्ट प्ले असेल तर नॅस फक्त फाईल पुढे ढकलतो, त्याला काही कष्ट नसतात, पण टीव्हीला फाईलमधला कोडेक (व्हिडिओ-ऑडिओ दाबून साठवायची पद्धत) झेपत नसेल तर नॅस बसतो ती चालता चालता बदलत, म्हणजेच ट्रान्सकोडिंग करत, आणि छोट्या प्रोसेसरचा तिथेच जीव जातो.

आता गंमत अशी की बऱ्याचदा व्हिडिओ ठीकच असतो, घोळ ऑडिओचा नाहीतर सबटायटलचा. डीटीएस हा ऑडिओचा प्रकार कित्येक टीव्हींना चालत नाही. आणि ब्ल्यू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स म्हणजे अक्षरं नाहीतच, चित्रं असतात, ती टीव्हीच्या ॲपला दाखवता आली नाहीत तर सर्व्हर, म्हणजे नॅसच, ती व्हिडिओवर छापत बसतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो. सबटायटल बंद करून बघ, अडकणं थांबलं तर चोर सापडला, मग सरळ एसआरटी फाईल (साध्या अक्षरांची सबटायटल्स) टाक.

केबलचं म्हणशील तर नॅस राउटरला केबलनेच जोड, वादच नाही. टीव्हीचं मात्र उलटं आहे, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट, अगदी महागड्यांचासुद्धा, १०० एमबीपीएसचाच असतो (का ते कंपन्यांनाच माहीत) आणि फोर-के ब्ल्यू-रेच्या मूळ फाईलचा वेग मधेच त्या १००च्या वर उसळतो, म्हणून राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफाय जास्त बरं पडतं.