'हिस्टेरिया' म्हणजे उन्माद की गहजब?

प्रश्न असा आला आहे : डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हिस्टेरिया' या 1987 च्या अल्बमवर मराठीत लिहिताना नावाचा अर्थ 'उन्माद' असा दिला तर चालेल का?

मला तो पटत नाही. शब्द मुळात ग्रीक, 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. त्यावरून बायकांच्या माथी मारलेला जुना आजार. पण या नावामागची हकिगत वेगळी आहे. नाव सुचवलं बँडचा ड्रमर रिक ॲलनने. 31 डिसेंबर 1984 ला शेफील्डजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला आणि डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो जोडला, पण जंतुसंसर्ग झाला आणि हात कायमचा गेला. वय अवघं 21. त्या अपघातावरून जगभरच्या वार्ताहरांनी जो कल्ला केला, त्याला उद्देशून हे नाव आलं.

उन्माद ज्याचा त्याला चढतो. शिवाय 'विजयाचा उन्माद' म्हणताना त्यात मग्रुरीही डोकावते. इथे पोरगा बिछान्यावर पडलेला आणि कल्लोळ बाहेर. याला आपला शब्द 'गहजब'. अरबीत 'गजब' म्हणजे क्रोध. आपल्याकडे राग मागे पडला आणि बोंबाबोंब उरली. 'एवढ्याशा गोष्टीचा केवढा गहजब!' असं म्हणताना गहजब करणारे एकीकडे आणि ज्याच्यावर बेतलं तो दुसरीकडे, हे आपोआप कळतं.

स्टुडिओत तर उन्मादाच्या अगदी उलट कारभार होता. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने देता यावेत म्हणून ॲलनने पेडलवाला इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट करून घेतला आणि वाजवायला नव्याने शिकला. या चिकाटीपुढे मी खरोखर नतमस्तक होतो. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. निर्माता मट लँग तर इतका काटेकोर, की काही ठिकाणी गिटारच्या कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला, एकेक स्वर सुटा वाजवून घेतला आणि मग ते एकावर एक रचले. अल्बम पुरा व्हायला तीनेक वर्षं गेली.

त्याच नावाचं गाणं मात्र प्रेमाचं आहे. तिथे गहजब शोभणार नाही, उन्मादही जड वाटेल. तिथे 'पिसं' म्हणा. पिसं लागलेला माणूस कुणावर ओरडत नाही, नुसता ओढला जातो. त्या गाण्याची संथ चालही तशीच आहे.

लेखात नाव 'हिस्टेरिया'च ठेवा, ते विशेषनाम आहे. अर्थ सांगताना अल्बमसाठी गहजब, गाण्यासाठी पिसं.