रोज थोडं थोडं शिकून खरंच फरक पडतो का?

पडतो. पण 'रोज १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल' हे गणित फसवं आहे. शिकणं चक्रवाढ व्याजासारखं वाढत नाही. कधी महिनाभर गाडी जागची हलत नाही.

फायदा वेगळाच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या माळा तो पाठ करायचा. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर साधलं. मधे थोडं विसरून पुन्हा आठवावं लागतं, त्यात ते पक्कं होतं.

म्हणून रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज २५ मिनिटं बरी. बसलात की आधी वही न उघडता कालचं आठवून लिहा, नवा धडा नंतर. (पहिले काही दिवस जाम चिडचिड होते.)