देवाचं ऐकणं

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रोज पहाटे चाळीस मिनिटं गुडघ्यांवर असतेस, वही जवळ ठेवतेस आणि पान कोरंच राहतं. प्रार्थनागटात बाकीचे ‘प्रभू माझ्याशी बोलला’ असं सहज सांगतात तेव्हा तू मान खाली घालतेस. हे वाचून पोटात तुटलं गं. पण मी अडखळले ते शेवटाकडच्या एका ओळीपाशी. मैत्रिणीबद्दल गटात जे बोललीस ते खरं नव्हतं, तिची माफी मागायची राहिली आहे, ‘पण तो वेगळा विषय आहे’, असं तू लिहिलं आहेस.

तो वेगळा विषय नाही.

शांत कसं बसावं, मन एकाग्र कसं करावं, हे मी लिहीत बसणार नाही. ते तुला माझ्याहून चांगलं जमतं. तू फक्त आपल्या बोलण्याकडे लक्ष दे. ‘पोरगी आईचं ऐकत नाही’ असं म्हटलं तर तिचे कान तपासायला कुणी नेत नाही. देवाला ऐकायची धडपड आपण फार करतो. देवाचं ऐकायचं मात्र राहून जातं. इब्री भाषेत ‘शमा’ या एकाच शब्दात कानाने ऐकणं आणि ऐकल्याप्रमाणे वागणं दोन्ही येतं. ‘हे इस्राएला, श्रवण कर’ यातला शब्द तोच. म्हणून तुला विचारते: त्याने तुला शेवटचं जे सांगितलं, ते केलंस का?

होरेब डोंगरावरच्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ‘शांत, मंद वाणी’पाशी येऊन थांबतात. तू पवित्र शास्त्रात १ राजे १९ पुढे वाच. त्या वाणीने विचारलं काय? ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ वारा, भूकंप आणि अग्नी यांच्या आधी, चारच वचनं अलीकडे, हाच प्रश्न विचारून झाला होता. एलीयाने उत्तरही तेच दिलं. मग देवाने त्याला कामाला लावलं: आल्या वाटेने परत जा, हजाएलाला अभिषेक कर, येहूला कर, तुझ्या जागी अलीशाला कर. वाणी मंद होती, पण तिच्यात माणसांची नावं होती. तुझ्या चाळीस मिनिटांतही एक नाव येतं आहे. मला ते तुझ्या पत्रात दिसलं आणि तुला तुझ्या प्रार्थनेत दिसत नाही, याचा मला राग येतो.

आणि डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं, हे बंद कर. देवाकडे खूण मागायला रात्री लोकर पसरणाऱ्या गिदोनाचा दाखला मला देऊ नकोस. लोकर पसरताना तो स्वतःच देवाला ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असं म्हणतो. देव काय म्हणाला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. धीर होत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतलं, तुलाही घेईल. पण घाबरलेल्या माणसाच्या आर्जवाला प्रार्थनेची पद्धत करू नये.

मी एवढं का तापते ते सांगते. माझं धाकट्या बहिणीशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. प्रार्थनेला बसले की तिचं नाव मनात यायचं. मी त्याला मन भरकटणं म्हणायचे. ‘प्रभू, तुझी वाणी ऐकू दे’ म्हणत ते नाव बाजूला सारायचे. उपास केले, शिबिरांना गेले, सेवेसाठी मार्गदर्शन मागितलं. तो अकरा वर्षं एकच शब्द बोलत होता, आणि मला तो नको होता म्हणून मी तो त्याचा मानला नाही. मग ती गेल्याचा निरोप आला. त्यानंतर ते नाव प्रार्थनेत यायचं थांबलं. त्या शांततेची धास्ती मला अजून वाटते. तिच्या मुलीशी मी आज बोलते, मायेने बोलते, पण जी क्षमा मागायची होती ती तिच्या आईची होती.

माझं हे बोलणं अनेकांना आवडत नाही. मी कृपेचं नियमशास्त्र करून टाकलं, असं एका पाळकांनी मला तोंडावर सांगितलं. मला क्षमा मिळाली आहे हे मी जाणते. माझं पाप वधस्तंभावर गेलं, त्यात मला भर घालायची नाही. तरी बहिणीच्या दारात जायचं राहिलं ते राहिलंच. मला कठोर म्हणायचं तर म्हणोत. आणखी कुणाची अकरा वर्षं मी माझ्यादेखत जाऊ देणार नाही. नियमशास्त्र म्हणायचं तर हे प्रभूच्याच तोंडचं आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं काही मन दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. ‘आधी’ हा शब्द त्याने घातला आहे, मी नाही.

आतला कोणता आवाज त्याचा आणि कोणता आपला, असं तू विचारतेस. योहान ७:१७ वाच. जो त्याची इच्छा पूर्ण करायला तयार आहे त्याला शिकवण देवाची आहे की नाही हे कळेल, असं येशू म्हणतो. तयारी आधी, कळणं मागून. शास्त्राच्या विरुद्ध जाणारा, प्रीती मारणारा आवाज त्याचा नव्हे, हे तुला सांगायला नको. उरलेल्यांसाठी पुढे संत झालेल्या एका स्पॅनिश सैनिकाचा, लोयोलाच्या इग्नाशियसचा, अनुभव कामाचा आहे. १५२१ साली पाम्पलोना इथे तोफगोळ्याने पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटे, मग मन कोरडं पडे; संतांसारखं जगायचं चिंतन केलं की समाधान मागेही टिके. या मागे उरणाऱ्या चवीवरून तो पारख शिकला. आणि बरा होताच तो उठून चालू लागला, हे विसरू नकोस.

प्रत्येक शांतता आपल्या आज्ञाभंगामुळेच असते असं मी म्हणत नाही. दोष नसताना दुःख सोसत देवाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या ईयोबाकडे बघ. मदर तेरेसांना १९४६ साली रेल्वेप्रवासात पाचारण झालं; काम सुरू झाल्यापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आत अंधारच जाणवत राहिला. पण शेवटचं जे सांगितलं गेलं होतं ते त्या रोज करत राहिल्या. तुझी शांतता तशी असेलही. मात्र तुझ्याकडे न केलेलं एक काम पडलं आहे, तोवर ते कसं ठरवणार?

‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे रात्री हाक ऐकून उठलेल्या पोरसवदा शमुवेलाला शिकवलं मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाने, एलीने. वाणी कुणाची हे त्या म्हाताऱ्यालाच ओळखता आलं. स्वतःच्या वाईट वागणाऱ्या मुलांबद्दल मात्र त्याला देवाकडून आधीच बजावलेलं होतं. त्याने त्यांना दटावलं, आवरलं नाही. म्हणून त्या रात्री एलीसाठी नवं काहीच आलं नाही. जुनंच, आता पोराच्या तोंडून. लेकी, तुला शिकवणारी मी त्या एलीच्या जागी उभी आहे. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मंदिराची दारं उघडली, सांगायला भ्याला, आणि तरी सगळं सांगितलं. तूही भिशील. ती कदाचित दार लावून घेईल, गटात तुझी मान आणखी खाली जाईल. खोटं जिथे बोललीस तिथेच खरं सांगावं लागेल, नुसता तिला निरोप पाठवून भागणार नाही.

उद्या पहाटे गुडघ्यांवर बसू नकोस. तिच्याकडे जा. काय म्हणाली ते मला लिही; काहीच बोलली नाही तरी लिही.

तुझी,
मावशी