ब्रेक्झिटचा वाद आणि तुमची बर्मिंगहॅमची ऑफर

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. तुम्ही पुण्यात सिव्हिल इंजिनियर, वय ३२, हातात बर्मिंगहॅमची ४८,००० पौंडांची ऑफर, बरोबर पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. ब्रेक्झिटने, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडल्याने, ब्रिटन बुडाला असं काही लोक सांगतात आणि काहीच फरक पडला नाही असं बाकीचे सांगतात, तर खरं काय? म्हाताऱ्यांनी मत देऊन तरुणांचं नुकसान केलं, हे कितपत खरं? आणि पत्नीच्या माहेरी म्हापशाला पोर्तुगीज पासपोर्टची सोय आहे, तिचा उपयोग होईल का?

माझं मत आधीच सांगतो. अर्थव्यवस्थेचं नुकसान झालंय, पण ते तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर वेगळं दिसणार नाही. तुम्हाला झळ लागेल ती व्हिसाच्या बदलत्या नियमांची. आणि हे नियम बदलत राहतात ते ब्रेक्झिटच्या सार्वमताचा वाद अजून मिटलेला नाही म्हणून.

२३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. प्रत्यक्षात देश ३१ जानेवारी २०२०ला बाहेर पडला आणि संघाची एकत्र बाजारपेठ ३१ डिसेंबर २०२०ला सुटली. लगेच कोविड, मग युक्रेनचं युद्ध, ऑक्टोबर २०२२मध्ये महागाई ११.१ टक्क्यांवर. त्याआधी महिनाभर तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारच्या मिनी बजेटने (मोठ्या करकपातीच्या घोषणेने) पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर नेला होता. एवढं सगळं एकात एक मिसळलंय, म्हणून दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा आकडा सापडतो.

सरकारच्याच खर्चाने चालणारी पण स्वतंत्रपणे अंदाज करणारी ओबीआर ही संस्था सांगते की संघात राहिलो असतो तर दीर्घकाळात उत्पादकता जिथे पोचली असती, तिथून ती ४ टक्के खाली राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी राहील. हा आकडा लोक चुकीचा वाचतात. २०१६च्या तुलनेत देश ४ टक्के गरीब झाला, असा त्याचा अर्थ नाही. वाढ होतच राहिली, फक्त व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. न झालेली वाढ कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून "मला तर काही फरक जाणवला नाही" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो.

यापेक्षा मोठे आकडे येतात ते 'जुळा ब्रिटन' पद्धतीने. म्हणजे २०१६पर्यंत ज्यांची वाढ ब्रिटनसारखीच होती अशा देशांचं ठरावीक प्रमाणात मिश्रण करायचं आणि पुढे ते मिश्रण ब्रिटनच्या किती पुढे गेलं ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, पण मिश्रणात अमेरिकेचा वाटा मोठा धरला की आकडा फुगतो. अमेरिकेकडे स्वतःचा गॅस आहे आणि टेक कंपन्या आहेत, त्यामुळे तिची घोडदौड ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. असा आकडा कुणी तोंडावर फेकला, तर मिश्रणात कोणते देश घेतलेत तेवढं विचारा.

बाहेर पडण्याच्या बाजूच्या लोकांचा अर्थतज्ज्ञांवर विश्वास उरला नाही, यालाही सबळ कारण आहे. मे २०१६मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने म्हटलं होतं की मत बाहेर पडायच्या बाजूने गेलं तर लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. तसं काहीच झालं नाही, उलट रोजगार वाढला. 'युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात' ही दुसऱ्या बाजूची बसवरची जाहिरातही दिशाभूल करणारीच होती, तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तसं जाहीरपणे सांगितलं होतं. दोन्हीकडून फसवणूक झाली की लोक आकड्यांवर विश्वास ठेवणं सोडून देतात.

नुकसान नक्की कुठे झालं ते एका छोट्या कारखान्यात दिसतं. बर्मिंगहॅमच्या आसपासचा एखादा चीज बनवणारा पूर्वी नेदरलँड्सला माल पाठवताना फक्त बिल लावायचा. आता कस्टम्सचं डिक्लरेशन, मालाचं मूळ ब्रिटिश असल्याचा पुरावा, आणि दर खेपेला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. कर शून्यच आहे, पण कागद लागतातच. पूर्ण कंटेनर भरणाऱ्या कंपनीला हा खर्च पेलतो, चार खोकी पाठवणाऱ्याला नाही, म्हणून बऱ्याच छोट्यांनी युरोपची गिऱ्हाइकंच सोडली. सेवाक्षेत्र, म्हणजे सल्लागार, डिझाइन, सॉफ्टवेअर, यातून बऱ्यापैकी तरलं.

तुमच्या क्षेत्रात मात्र ब्रेक्झिटपेक्षा लंडनच्या सरकारी निर्णयांकडे जास्त लक्ष ठेवा. एचएस-२ या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरपर्यंतचा टप्पा ४ ऑक्टोबर २०२३ला रद्द झाला. त्याचा ब्रेक्झिटशी संबंध नव्हता, खर्च हाताबाहेर गेला होता. तुमची जागा कोणत्या प्रकल्पावर आहे आणि त्याचा निधी कुठपर्यंत मंजूर आहे, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा. बर्मिंगहॅम पालिकेचंही तेच. सप्टेंबर २०२३मध्ये तिने दिवाळखोरीसारखी नोटीस काढली, ती समान वेतनाच्या थकबाकीमुळे आणि फसलेल्या कॉम्प्युटर प्रणालीमुळे. त्यापायी काउन्सिल टॅक्स (राहत्या घरावरचा पालिकेचा कर) २०२४ला ९.९९ आणि २०२५ला ७.४९ टक्क्यांनी वाढला. तिथे गेल्यावर याचंही खापर ब्रेक्झिटवर फोडणारे भेटतील.

आता व्हिसा. जानेवारी २०२१पासून युरोपियनांचा मुक्त प्रवेश बंद झाला आणि भारतीय, पोलिश, फ्रेंच सगळे एकाच रांगेत आले. त्याआधी वर्षाला २०,७०० कुशल व्हिसांची मर्यादा होती, आणि स्थानिक माणूस मिळत नाही हे कंपनीला सिद्ध करावं लागायचं. ती दोन्ही बंधनं गेली. म्हणजे आज तुमच्या हातात ही ऑफर आहे, त्यात त्या मतदानाचाही वाटा आहे. पण ज्यांनी स्थलांतर कमी व्हावं म्हणून मत दिलं, त्यांनी पुढे काय पाहिलं? जून २०२३पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांच्या वर गेलं, आणि येणाऱ्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा. त्यांचा राग खोटा नाही, आणि त्यानंतरचा प्रत्येक नियम त्या रागाला उत्तर म्हणून आलाय. स्किल्ड वर्कर व्हिसाची किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून एप्रिल २०२४मध्ये ३८,७०० झाली, जुलै २०२५मध्ये ४१,७००. पात्रता पदवीच्या पातळीवर नेली. जानेवारी २०२६पासून इंग्रजी बी-२ पातळीचं लागतं.

तुमचा पगार ४१,७००च्या वर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. प्रत्येक हुद्द्याला एक कोड असतो आणि कोडाला स्वतःचा किमान दर. दोन्हींपैकी जास्त असेल तो लागू होतो. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर (व्हिसासाठी कंपनी देते त्या प्रमाणपत्रावर) कंपनीने कोणता कोड घातलाय ते बघा, चुकीच्या कोडामुळे अर्ज फेटाळले जातात.

खर्चाचा हिशेब २०२५च्या दरांनी असा: हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलीला ७७६. पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर तिघांचे १४,२३०, आणि अर्जाची फी माणशी १,५१९ धरून ४,५५७. एकूण १८,७८७ पौंड, सगळे आधी भरायचे. तीन वर्षांचा घेतला तर १०,८४५. फी बहुधा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा दर बघा. यातलं कंपनी किती देते हे पगाराच्या आधी बोलून घ्या, कारण बरेच जण नुसता पगार घासाघीस करून वाढवून घेतात आणि हे राहून जातं. स्पॉन्सरशिपचा आणि स्किल्स चार्जचा (परदेशी माणूस घेतल्याबद्दल कंपनीने सरकारला भरायच्या रकमेचा) खर्च कायद्याने कंपनीचाच. तो तुमच्याकडून मागणारी कंपनी सोडून द्या.

४८,०००मधून कर, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची कपात) आणि पेन्शन वजा जाता हातात महिन्याला साधारण ३,००० पौंड येतात. दोन बेडरूमचं घर हजाराच्या पुढेच जातं. मुलगी चार वर्षांची झाली की पुढच्या सप्टेंबरपासून सरकारी शाळेत रिसेप्शनला, म्हणजे पहिल्याच वर्गाला, फुकट जाते, व्हिसावरच्या मुलांनाही. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच निघा. स्थायिक होण्याची मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५मध्ये मांडला, आणि रिफॉर्म पक्षाचे नायजेल फराज यांनी तर कायमचं वास्तव्यच रद्द करण्याची घोषणा केली. पाच वर्षांचं गणित मांडून कुणी निघू नये. दहा वर्षं धरून हिशेब जमत असेल, तरच निघा.

पिढ्यांची दरी खरी आहे. यूगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीनुसार १८ ते २४ वयातल्या ७१ टक्क्यांनी राहायच्या बाजूने मत दिलं, तर ६५च्या पुढच्या ६४ टक्क्यांनी बाहेर पडायच्या. तरुणांची तक्रार मला रास्त वाटते. आयर्लंड सोडून संघातल्या २६ देशांत राहायचा, शिकायचा, नोकरी करायचा त्यांचा हक्क गेला. इरॅस्मस ही युरोपातल्या दुसऱ्या देशात शिकायला जायची योजना सुटली, तिच्यात ब्रिटन २०२७ला परत जातोय. ज्यांचं घर फेडून झालंय आणि ज्यांचं पेन्शन 'ट्रिपल लॉक'मुळे दरवर्षी किमान अडीच टक्के वाढतंच, त्यांना या निर्णयाची किंमत कमी मोजावी लागली. पण वयावरच सगळं ढकलू नका. शिक्षणाची दरी जवळपास तेवढीच मोठी होती. शिवाय ५ जून १९७५च्या पहिल्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी राहायचा कौल दिला, तेव्हा जे विशी-तिशीत होते तेच २०१६ला साठी-सत्तरीत होते. चाळीस वर्षांत लिंकनशरमधल्या बॉस्टनसारख्या गावांत काय बदललं ते बघितलं की त्यांचं मत समजतं. तिथे शेतमजुरीला पूर्व युरोपातून माणसं आली, भाडी आणि दवाखान्यातल्या रांगा वाढल्या, सरकारने पुरेसा जादा पैसा मात्र दिला नाही. ७५.६ टक्के लोक बाहेर पडायच्या बाजूने गेले.

तुमचं बर्मिंगहॅम तर ५०.४ टक्क्यांनी बाहेर पडायच्या बाजूचं, म्हणजे अर्धं-अर्धं शहर. ऑफिसात कुणालाही "तुम्ही कुणाला मत दिलंत" असं विचारू नका. भारतीय वंशाचे सगळे राहायच्या बाजूचे, हेही गृहीत धरू नका. पोलंडहून कुणीही येतो आणि आमच्या भाचीला लग्नाला यायला व्हिसा मिळत नाही, हा राग जुन्या दक्षिण आशियाई कुटुंबांत खोल होता. करी रेस्टॉरंटवाल्यांना तर बाहेर पडल्यावर आचारी आणणं सोपं होईल असं सांगण्यात आलं होतं. ते झालं नाही.

म्हापशाचा प्रश्न. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्याच पासपोर्टवर हजारो गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडन, साउथॉल, हेजला आले. ती वाट ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाली. मुख्यतः त्याआधी ब्रिटनमध्ये राहत असलेल्यांनाच तिथे पुढेही राहू देणाऱ्या सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करता आला, मुदत ३० जून २०२१. आता पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये फिरायला येता येतं, काम करायचं तर तुमच्यासारखाच व्हिसा लागतो.

आयर्लंडमध्ये मात्र तो पासपोर्ट पूर्ण चालतो. पत्नी पोर्तुगीज नागरिक म्हणून डब्लिनला नोकरीला लागली, तर पती म्हणून तुम्हालाही स्पॉन्सरशिवाय राहायचा आणि काम करायचा हक्क मिळतो. ना पगाराची अट, ना १८ हजार पौंड. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि आयरिश नागरिकाला ब्रिटन आणि युरोप दोन्ही खुले. उलट ब्रिटिश पासपोर्टवर आता युरोपच्या बहुतेक देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. अडचणी दोन: डब्लिनची भाडी फार, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पत्नीचा भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल. आजोबांचे जन्माचे कागद खरोखर हातात असतील, तर बर्मिंगहॅमला हो म्हणायच्या आधी ही वाट नीट तपासा.

आणि एक गोष्ट नव्याने जाणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. २०१६च्या सार्वमतातही देता येत होतं, तिथल्या बहुतेक युरोपियनांना नव्हतं. पत्ता पक्का झाला आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर मिळाला की सरकारी संकेतस्थळावर दोघांचीही नोंदणी करा. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.