डिफरन्शियल उघडण्यापूर्वी

प्रश्न : माझ्याकडे 1972 सालची, तारांच्या चाकांची एमजीबी जीटी गाडी आहे. क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना मागून ‘खट्’ असा आवाज येतो. शिवाय ताशी 50 मैलांच्या आसपास हलकासा घुमणारा आवाज असतो. गेल्या काही वर्षांत तो वाढलेला नाही. येथील एका गॅरेजने नवे क्राउन आणि टेल पिनियन (इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलकडे वळवणारी मोठ्या व छोट्या दातेरी चाकांची जोडी) घालून संपूर्ण डिफरन्शियल (वळणावर दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) बांधण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? यातले काही काम घरी करता येईल का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : आपण दोन आवाज सांगितले आहेत आणि त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. खटका हा साठलेल्या ढिलाईचा आवाज असतो, तर घुमणारा आवाज दातांच्या किंवा बेअरिंगच्या बसणीतून येतो. पहिल्याच्या इलाजासाठी दुसऱ्याची घडी मोडणे मला पटत नाही, म्हणून गॅरेजचा सल्ला तूर्त बाजूला ठेवावा.

खटक्याचा दोष डिफरन्शियलला देण्याआधी तीन ठिकाणे तपासावीत. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट हाताने पिळून पाहावेत. ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले नाहीत ना, हे पाहावे. आपल्या गाडीत सर्वांत महत्त्वाचे तिसरे : मागचे चाक जमिनीवरून उचलून हँडब्रेक ओढावा आणि चाक पुढेमागे हलवावे. हब स्थिर राहून चाक तेवढे हलत असेल, तर हबच्या आणि चाकाच्या स्प्लाइन (एकमेकांत अडकणाऱ्या खाचा) झिजलेल्या आहेत. तारांच्या चाकांत ही झीज नेहमीची असते आणि तिचा आवाज थेट डिफरन्शियलसारखाच येतो.

हे सारे ठीक निघाले, तर मात्र खटका आतला आहे आणि या गाडीत त्याचे ठरलेले कारण थ्रस्ट वॉशर हे असते. डिफरन्शियलच्या आत क्रॉस पिन नावाच्या आडव्या दांडीवर फिरणारे छोटे स्टार गिअर आणि ॲक्सल शाफ्टच्या टोकाचे मोठे सन गिअर असतात. स्टार गिअरच्या पाठीशी वाटीच्या आकाराचे छोटे ब्राँझचे वॉशर असतात, सन गिअरच्या मागे मोठे, सपाट, फायबरचे. ते झिजले की गिअर आपल्या जागेवरून सरकू लागतात आणि जोर बदलला की दात दातांवर आदळतात. समाधानाची बाब अशी की, जीटीला पहिल्यापासून नळीच्या बांधणीचा ॲक्सल आहे आणि त्याला मागून बोल्टने बसवलेले झाकण आहे. (1967 च्या सुमारापर्यंतच्या उघड्या छताच्या एमजीबीत बँजो ॲक्सल असे, त्यात डिफरन्शियल पुढच्या बाजूने काढावे लागते.) म्हणून हे वॉशर बदलण्यासाठी क्राउनला हात लावावा लागत नाही. दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढावेत, झाकण उघडावे, क्रॉस पिनला अडवणारी छोटी रोल पिन बारीक पंचाने ठोकून काढावी आणि क्रॉस पिन बाहेर घ्यावी. मग स्टार गिअर फिरवत फिरवत हातात येतात. पिनवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल, तर पिनही नवीच घालावी, कारण जुन्या पिनवर नवे वॉशर घालून खटका पूर्ण जात नाही. ज्याच्याकडे बऱ्यापैकी हत्यारे आहेत आणि गाडी भक्कम स्टँडवर ठेवण्याची सोय आहे, त्याने हे काम घरी करायला हरकत नाही. तेल काढण्याआधी ते भरण्याचे बूच सुटते की नाही, एवढे मात्र जरूर पाहावे. काढलेले तेल फेकण्यापूर्वी न्याहाळावे : त्यात पितळी चमक दिसली तर वॉशरचे निदान पक्के झाले, पोलादाचे तुकडे दिसले तर पुढचे काम थांबवावे. शेवटी ईपी 90 हायपॉइड (अशा गिअरसाठीचे जाड) तेल भरावे. या ॲक्सलला ते सुमारे 0.85 लिटर लागते.

आता घुमणाऱ्या आवाजाविषयी. क्राउन आणि टेल पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो आणि पिनियन किती आत-बाहेर बसवायचे, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) किती ठेवायचा याच्या खुणाही तेथेच असतात. इतकी वर्षे एकत्र फिरलेली अशी जोडी जाग्यावरून हलवली की ती पुन्हा तशीच बसवणे कठीण असते आणि दुरुस्तीनंतर गाडी अधिक घुमू लागल्याच्या तक्रारी बहुतेक येथूनच उगम पावतात. त्यासाठी केसिंग मोजून ताणावे लागते, शिमच्या (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांच्या) जाड्या हजारांश इंचात ठरवाव्या लागतात, दातांना रंग लावून बसणीचा ठसा वाचावा लागतो : ठसा दाताच्या टोकाकडे गेला असेल तर पिनियन क्राउनच्या जवळ न्यावे लागते, मुळाकडे गेला असेल तर दूर. हे घरचे काम नव्हे. आपला आवाज हलका आहे आणि वाढत नाही, तेव्हा तो सोसावा. जोर दिलेला असो वा नसो, सतत घरघर ऐकू येऊ लागली तर बेअरिंगचा संशय घ्यावा आणि तेव्हाच तज्ज्ञाकडे जावे.

जाता जाता एक इशारा : टेल पिनियनचे ऑइल सील गळते म्हणून कोणी नट सोडणार असेल, तर आधी नट, शाफ्ट आणि फ्लँज यांवर खूण करून घ्यावी. आत दबून आकार घेणारा स्पेसर असतो. नट खुणेपलीकडे खेचला की तो जास्त दबतो आणि बेअरिंगवर नको तितका ताण येतो.

प्रश्न : माझ्या ट्रायम्फ टीआर 6 मध्येही असाच खटका आहे; युनिव्हर्सल जॉइंट नवे आहेत. मीही वॉशरच बदलावेत का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : आधी चॅसिस पाहावी. आपल्या गाडीत मागची चाके स्वतंत्र असल्याने डिफरन्शियल चॅसिसलाच चार पिनांवर, रबरी बुशांसह टांगलेले असते आणि पिना धरणारे पत्रे, विशेषतः पुढचा उजवा, तडकतात. प्रत्येक वेळी जोर दिला की टेल पिनियनची बाजू वर उचलली जाऊ पाहते, त्याचा हा परिणाम. जॅकने डिफरन्शियलचे नाक हळूच वर रेटावे आणि टॉर्चच्या उजेडात पत्र्याची कड पाहावी. चीर उघडताना दिसेल. दुरुस्ती म्हणजे डिफरन्शियल खाली उतरवून चिरा वेल्ड करणे आणि दोन्ही बाजूंना पेटीसारखे जादा पत्रे जोडणे. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच, या जागेच्या अगदी निकट असते. ती काढून गाडीपासून लांब ठेवल्याशिवाय आणि बॅटरी व आल्टरनेटर यांच्या तारा सोडल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नये.