आजीच्या लेसला कात्री लावावी का?

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय. माझ्या आजीने स्वतःच्या लग्नात घेतलेली रेशमी ओढणी माझ्याकडे आहे, कडेने हातविणीची लेस आहे. शिवाय मोत्यांचा एक सर आणि केसांत खोचायचा तपकिरी कंगवा. मुलीला हे सगळं हवंय, पण तिच्या आजच्या पोशाखावर शोभेल असं. शिंपी म्हणतो, लेस कापून बाह्यांना लावू. माझं मन धजत नाही. काय करू?

उत्तर : मन धजत नाही ना, मग कात्री लांबच ठेवा. मी एकदा ती चालवली आहे. माझ्या लग्नात आईच्या ओढणीची किनार कापून बाह्यांना जोडली, दिसलीही सुरेख. पुढे भाचीने तीच ओढणी मागितली, तेव्हा तिला द्यायला चार तुकडे उरले होते. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

लेस हाताने जोडलेली असेल, तर टाके एकेक करून उसवा, पट्टी अखंड सुटेल. बाहीला लावताना जास्तीची लांबी कापू नका, आत दुमडा. खाली बारीक जाळीचं कापड घ्या आणि सुई लेसच्या छिद्रांतून घाला, तिच्या दोऱ्यातून नको. टाके सैल हवेत. लग्नानंतर ते उसवले की लेस पुन्हा ओढणीला लावता येते.

ओढणीचं रेशीम आधी उजेडासमोर धरून पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरही काही काळ रेशमाचं वजन वाढवायला त्यात कथलाचे क्षार मुरवत. असं कापड घड्यांवर विरतं, नुसतं उचललं तरी चिरतं. तसं असेल तर ती अंगावर घेऊ नका. लेस तेवढी वापरा आणि ओढणी जाड नळीवर गुंडाळून ठेवा. पिवळे डाग घालवायला क्लोरीनचं ब्लीच तर कधीच नको, त्यात रेशमाचा धागाच विरघळतो.

मोत्यांचा सर गाठवून घ्याच. जुना दोरा आतून कुजलेला असतो, आणि तो नेमका गर्दीत तुटतो. नवीन दोऱ्यात दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा, म्हणजे तुटला तरी एखादाच मोती घरंगळेल. मुलीला गळ्यात नको असेल तर तोच सर मनगटावर दोन-तीन वेढे घेऊन छान बसतो. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी. आम्लाने त्यांची झिलई जाते.

कंगव्याची मात्र मला काळजी वाटते. कोमट पाण्यात क्षणभर बुडवून हुंगा. कापरासारखा वास आला, तर तो सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकचा आहे. सेल्युलॉइडमध्ये कापूर घालत, आणि ते चटकन पेट घेतं. दिव्यांजवळ, गरम इस्त्रीने केस वळवताना असा कंगवा डोक्यात नको. तो फोटोपुरता हातात धरू दे. मोत्यांच्या डब्यातही ठेवू नका, कारण तो जुना होताना त्यातून आम्लाची वाफ सुटते.

आणि उसवायला बसण्याआधी लेसच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. कोपऱ्यावर तिला किती चुण्या आहेत, हे परत जोडताना आठवत नाही.