रंगपेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीत भाच्यानं बळंच बसवून १९८१ सालचा ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ दाखवला. दोन अमेरिकन पोरं इंग्लंडातल्या माळरानावर भटकतात, लांडगा एकाला मारतो, दुसऱ्याला चावतो, आणि तो दुसरा पौर्णिमेला लांडगा होतो. भाचा म्हणतो, क्लासिक आहे. मला मात्र कुठे हसायचं आणि कुठे घाबरायचं तेच कळेना. – एक वाचक भगिनी, रावपुरा, बडोदे

उत्तर : ताई, तुम्ही एकट्या नाही. दिग्दर्शक जॉन लँडिसनं ही पटकथा १९६९ मध्ये लिहिली, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पुढे कितीतरी वर्षं पैसे घालणारे त्याला हेच ऐकवत होते, की भयपट म्हणावा तर फार विनोदी आणि विनोदी म्हणावा तर फार भयंकर. पिक्चर यायला १९८१ उजाडलं.

शिवाय आपलं पंचांग आड येतं. आपली भुतं अमावास्येची. पौर्णिमा म्हटली की आपल्याला कोजागरी आठवते, गच्चीवरचं आटीव दूध आठवतं आणि आपल्या पेल्यात चारोळ्या कमी का आल्या यावरून झालेली भांडणं. चांदण्याला भ्यायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

मी रंगभूषा करणारा माणूस, त्यामुळे मला यात उजेडाचाच प्रश्न दिसतो. अमावास्येच्या भुताला रंगभूषा लागतेच कुठे? पांढरं धोतर आणि विंगेतून पैंजण वाजवायला एक मुलगा, झालं काम. दिसणारं भूत मात्र आमच्या तोंडचं पाणी पळवतं. दांडिया बाजारातल्या एका हौशी मंडळासाठी मी एकदा वेताळ रंगवला होता. मे महिना होता, आणि आवाज येतो म्हणून पंखे बंद. क्रेपची दाढी स्पिरिट गमनं चिकटवलेली. दुसऱ्या प्रवेशात घाम फुटला आणि डाव्या गालावरची चार बोटं दाढी सुटून लोंबायला लागली. वेताळ “राजा” म्हणाला की ती हलायची. पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, “आजी, भुताची दाढी निघाली!” मग काय, सगळं सभागृह हसायला लागलं. दिग्दर्शकानं खुणा करून लाइट उतरवायला लावले आणि उरलेला वेताळ आम्ही अंधारात उरकला.

त्यानंतर दोनएक वर्षांनी, चार घरांनी वर्गणी काढून आणलेल्या व्हीसीआरवर मी हा पिक्चर पाहिला. कॅसेट इतकी घासलेली, की माळरानाच्या प्रसंगात नुसता काळोख आणि आरडाओरडा. मग तो मेलेला मित्र, जॅक, इस्पितळात भेटायला येतो. गळा फाटलेला, आणि तिथे मांसाची एक चिंधी लोंबतेय. तो गप्पा मारतो, मित्राच्या ताटातला टोस्ट मागतो, आणि बोलताना ती चिंधी हलते. मी ताडकन उठून बसलो. माझी दाढी! ज्या हलण्यानं माझा वेताळ बुडाला, ते या पिक्चरचा रंगभूषाकार रिक बेकर यानं मुद्दाम ठेवलं होतं. तिकडे बघू नये म्हणून आपण जॅकच्या डोळ्यांकडे बघतो आणि त्याच्या गप्पांत रमतो, पण नजर काही वर ठरत नाही. हसू येतं आणि त्याच घासाला मळमळतं. कुठे हसायचं ते कळेना, असं तुम्ही लिहिलंत ना, ते या जागेबद्दल असावं.

पुढे जॅक भेटतो तो दर वेळी जास्त कुजलेला. शेवटी पिकॅडिलीच्या थेटरात तर नटाच्या जागी बराचसा बाहुलाच आहे. पण बोलणं तेच, जिवलग दोस्ताचं. मित्रानं आता जीव द्यावा, म्हणजे आपण सुटू, एवढंच त्याचं मागणं. लांडग्यापेक्षा मला ही पोरं लक्षात राहिली.

आता लांडगा होण्याचा प्रसंग. दिवे लागलेली बैठकीची खोली, कुठे सावलीचा आडोसा नाही, आणि मागे सॅम कुकचं ‘ब्लू मून’ मऊ आवाजात चाललंय. जुन्या पिक्चरमध्ये चेहऱ्यावर थोडे थोडे केस चिकटवायचे, एक चित्र विरवून दुसरं आणायचं, आणि नट स्वस्थ बसलेला असायचा. इथे पोरगा दुखतंय म्हणून किंचाळतो. त्याचा तळहात कॅमेऱ्यासमोर लांबत जातो, तोही न कापता. तो खोटा हात, आत पुढे सरकणारी यंत्रणा. केस उगवताना दिसतात ते खरं म्हणजे कातडीतून आत ओढलेत आणि फिल्म उलटी चालवलीय. हे कळल्यावर मी घरमालकाच्या शिव्या खात कॅसेट चारदा मागे नेली. ऑस्करनं सर्वोत्कृष्ट रंगभूषेचा कायमचा विभाग त्याच वर्षापासून सुरू केला आणि पहिला मान बेकरला मिळाला. मायकेल जॅक्सननं ‘थ्रिलर’ गाण्याच्या व्हिडिओसाठी लँडिस आणि बेकर या दोघांनाच बोलावलं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो लांडगा झालेला पोरगा सकाळी लांडग्यांच्या पिंजऱ्यात उघडाबंब जागा होतो आणि लाज झाकायला एका पोराचे फुगे पळवतो, ते पुन्हा बघा. मी तर तेव्हापासून कामाटीबागेत फुगेवाला दिसला की हसतो.

प्रश्न : महेश भट्टचा ‘जुनून’ यावरूनच घेतलाय का? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : कल्पना तिथलीच. १९९२ चा पिक्चर, राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो. आपल्याकडे लांडग्यापेक्षा वाघाचा वट मोठा, तेव्हा बदल ठीकच. पण सूर पार गंभीर ठेवलाय. टोस्ट मागणारा मित्र गेला की उरतो तो नुसता वाघ.

प्रश्न : काका, कॉलेजच्या गॅदरिंगला लांडगा-माणूस करायचाय. बजेट पाचशे रुपये. – एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : चेहऱ्याच्या नादी लागू नकोस बाळा, पाचशेत कुत्रा होईल. एक हात कर. क्रेपचे केस बोटांकडून सुरुवात करून मनगटाकडे, खवल्यासारखे एकावर एक लाव, नखं जाड कागदाची. आधी शर्टाची बाही खाली असू दे, आणि प्रसंगात नटानं ती सावकाश वर सारायची, भर उजेडात. गम काढताना ओढू नकोस, खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांब. आणि दाढी लावायचीच असेल तर पडदा उघडायच्या अर्धा तास आधी लाव, पंखे चालू ठेवून.